कोमट गंज
परवा एक भयपट लावला. सुरुवातीलाच ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी आली आणि मला सिंदी मेघेतल्या आमच्या घरातली एक दुपार आठवली. कारंजा गावातलं एक लग्न आटोपून आम्ही तिघं परतलो, तर दाराला कुलूप तसंच होतं, किल्ली नेहमीसारखी विजेच्या मीटरच्या पेटीत होती, पण घरभर गवती चहाचा वास होता. कपाटाला कुणी हात लावला नव्हता. ओट्यावर एक कप धुऊन पालथा घातलेला आणि चहा उकळायचा गंज अजून कोमट. “काही गेलं नाई ना, मंग काऊन भेऊन राह्यली?” बाबांनी आईला विचारलं. आई म्हणाली, “चोर असता त बरं होतं. याले किल्लीबी माहीत हाये अन् साखरेचा डबाबी.” मी मागच्या अंगणात जाऊन पाहिलं, गवती चहाची दोनच पाती चाकूनं नीट कापलेली होती. पुढे कितीतरी दिवस मी शेजारणींवर नजर ठेवून होते, कुणाला साखर न विचारता सापडते का म्हणून. सिनेमात शेवटी घाबरवणाऱ्याचा मुखवटा निघाला. आमच्याकडे तो कधी निघालाच नाही, आणि आई अजूनही बाहेरून आली की पाणी प्यायच्या आधी गंजाला हात लावून पाहते.