माइक न लावलेली फायनल

परवा आमच्या मैदानाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं... आपल्या टीमचा सगळ्यात वाईट सीझन कोणता आणि सगळ्यात भारी कोणता? भराभर उत्तरं आली. मी ग्रुपवर कधी लिहीत नाही, म्हणून इथे लिहिते.

मुलुंड ईस्टला आमच्या बिल्डिंगच्या मागेच मैदान आहे. तिथल्या बास्केटबॉल टीमच्या मॅचेस मी आणि सुहास, माझा नवरा, लग्न झाल्यापासून बघत आलो. दोघांपैकी कुणीही कधी बॉल हातात धरलेला नाही.

वाईट सीझन सांगणं सोपं आहे. कॅप्टन नोकरीसाठी पुण्याला गेला, दोघांची बारावी होती... राहिले पाचच. एकाचे फाउल भरले की तो बाहेर, आणि उरलेले चौघंच खेळणार. त्या वर्षी एकही मॅच जिंकलो नाही. बघायला आम्ही दोघं आणि मैदानाचा वॉचमन, तोही बहुतेक झोपलेला.

सुहासला एक सवय लागली ती त्याच सीझनला. एकदा फ्री थ्रोच्या वेळी, म्हणजे फाउलबद्दल आमचा एकजण एकटा उभा राहून बॉल टाकणार होता तेव्हा, तो सँडलचा पट्टा लावायला खाली वाकला आणि बॉल आत गेला. तेव्हा आमच्याकडे हे इतकं क्वचित व्हायचं की त्याने नियमच करून टाकला. आमच्या टीममधल्या कुणालाही फ्री थ्रो मिळाला की हा मैदानाकडे पाठ करून उभा. बघायचं मी, आणि "हो" किंवा "नाही" एवढंच सांगायचं.

समोरच्या टीमची पोरं चिडवायची, "काका, रुसलात काय?" हा तसाच पाठमोरा ओरडायचा, "तुमचा खेळ बघवत नाही रे!"

ओरडणं हे त्याचं काम. मी इतक्या वर्षांत मैदानात टाळीसुद्धा जोरात वाजवली नाही.

भारी सीझन यंदाचा. पहिल्यांदाच फायनलला आलो. सेमी फायनल आम्ही दोघांनी बघितली, आणि त्याच आठवड्यात सुहास गेला... हार्ट अटॅक.

फायनलच्या दिवशी घरात सुतक होतं. कुडाळहून माझा दीर मिलिंद आणि सुहासची आत्या आलेली. खाली मैदानात जाण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तसं मी कुणाला म्हटलंही नाही. मनात एवढंच होतं की माइकवर कॉमेंट्री असते, ती घरात ऐकू येते. तेवढं पुरे.

सकाळी आत्ताचा कॅप्टन, प्रसाद, दारात येऊन उभा राहिला. "काकू, आज माइक लावत नाही. दोन्हीकडच्या पब्लिकला सांगितलंय, आवाज करायचा नाही. तुमच्या घरात असं झालंय आणि आम्ही..."

मी "बरं" म्हटलं. पाहुण्यांनी भरलेल्या घरात, नवऱ्याच्या फोटोसमोर, "माइक लाव रे" कसं म्हणणार?

संध्याकाळी मॅच सुरू झाली आणि मला काही म्हणजे काही कळेना. नुसता बॉल आपटल्याचा आवाज आणि मधूनच शिट्टी. एरवी ही पोरं कुणाचं ऐकत नाहीत. आज ऐकत होती... मी हॉलमध्ये दिव्याजवळ बसून, गरज नसताना, त्यात तेल घालत होते.

मिलिंद गॅलरीत उभा होता. त्याला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही. शेवटी मी विचारलंच, "काय चाललंय रे?"

"नुसते इकडून तिकडे पळतायत, वहिनी."

"पाटीवर स्कोअर दिसतो का?"

"दिसतो ना. दोघांचा सारखाच आहे."

"तां दार लाव रे मिलिंदा," आत्या म्हणाल्या. "वारो येता, दिवो विझात." मिलिंदने दार अर्धं ओढून घेतलं.

मग शिट्टी झाली आणि बॉलचा आवाजही थांबला.

"वहिनी, सगळे थांबलेत. आपला निळ्या शर्टवाला एकटा बॉल घेऊन उभाय. पेनल्टी असेल."

मी जरा वळले असते तर अलीकडची बास्केट मला बसल्या जागेवरून दिसली असती. मी गॅलरीकडे पूर्ण पाठ केली. "तू बघ. आत गेला तर हो म्हण, नाहीतर नाही. बाकी काही सांगू नकोस."

तो कठड्यावरून वाकून बघायला लागला.

"नाही," मिलिंद म्हणाला.

फ्री थ्रो दोन असतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो आत यायला निघाला तर मी म्हटलं, "थांब."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "हो."

लगेच शेवटची शिट्टी झाली. एका पॉइंटने आम्ही जिंकलो होतो. खालून एकदम आवाज उठला आणि तसाच तुटला. कुणीतरी जोरात "शूऽऽ" केलेलं वरपर्यंत ऐकू आलं.

मी उठून गॅलरीत गेले. पोरं मुक्यानेच नाचत होती. प्रसाद एकाच्या तोंडावर हात दाबून उभा होता, आणि स्वतः रडत होता.

"अरे, ओरडा रे! फायनल जिंकलात ना?" माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं.

सगळे वर बघत राहिले. आणि मग जो काही गोंधळ सुरू झाला... वॉचमनने धावत जाऊन माइकसुद्धा चालू केला.

मागे आत्या येऊन उभ्या होत्या. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी विचारलं, "आपले जिंकले मां?"

"हो," म्हटलं.

प्रसाद आणि सगळी पोरं, तुम्ही त्या दिवशी आमच्यासाठी गप्प बसलात, ते पोचलं. पण पुढच्या सीझनला माइक लावा. मी खाली येणार आहे आणि फ्री थ्रोला पाठ करून बसणार आहे. हो की नाही ते सांगायला मिलिंद काही दर वेळी कुडाळहून यायचा नाही... तेव्हा तुमच्यापैकी एकाने माझ्या शेजारी बसा.