खलनायकाच्या हातातला ब्रेक

आत्या खरी तीन भाच्यांची, पण तिला सगळी इमारतच आत्या म्हणायची. जन्मभर तिनं तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवलं. गटांगळ्या खाणाऱ्या पोरालाही ऐकू जाईल असा आवाज त्या नोकरीत कमवावा लागतो, आणि कमावलेला आवाज निवृत्तीच्या दिवशी परत करता येत नाही. घरी ती जेवताना "वहिनी, मीठ" म्हणाली, की खालच्या मजल्यावरच्या बाई मिठाची वाटी घेऊन जिन्यात दिसत.

लग्न तिनं केलं नाही. भाऊ-वहिनीजवळ राहायची, वहिनीशी दिवसातून एकदा भांडायची आणि ते भांडण चुकलं तर दोघींनाही झोप लागत नसे.

तिचे मामा वारले तेव्हा त्यांनी घर मुलाला ठेवलं आणि गाडी आत्याला. कारण एवढंच, की मामा गाडीविषयी बोलू लागले की बाकीच्यांना अचानक कामं आठवायची. आत्या तेवढी शेवटपर्यंत बसून असायची. खरं तर तीही ऐकत नव्हती, दिवसभर तलावात काढल्यावर संध्याकाळी तिच्या कानात पाणी असायचं. पण मामांना ते ठाऊक नव्हतं, आणि आता सांगून उपयोग नव्हता.

गाडी दोन दारांची, गोल डोळ्यांची, साईच्या रंगाची. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. टेम्पोला बांधून ती आणली आणि इमारतीच्या उतारावर उभी केली. सगळी मंडळी बघायला जमली. आत्या आत बसली, तिनं हँडब्रेक सोडला आणि ऐटीत पायातला ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला. पाहुण्यानं "बरं, येतो मी" म्हणून उठावं तशी गाडी सावकाश निघाली, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या खोलीत शिरली आणि चादरींच्या गठ्ठ्यांत नाक खुपसून थांबली.

इस्त्रीवाला टेबलामागून बाहेर आला. त्यानं गाडीखालून गळणारं तेल पाहिलं.

"आत्या," तो म्हणाला, "हिला इस्त्री नंतर. आधी पिळून आणा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. तो बराच वेळ गाडीखाली होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात वीतभर लांबीचा एक काळा लोखंडी तुकडा होता.

"हा मास्टर सिलिंडर. तुम्ही पेडल दाबता, हा आतलं तेल दाबतो, ते तेल चाकापाशी जाऊन ब्रेक लावतं. याला चीर गेलीय. म्हणजे तुम्ही जीव तोडून दाबताय, पण पुढं कुणाला पत्ताच नाही."

"आमच्या घरातही असंच आहे," वहिनी म्हणाली.

"दुसरा बसव मग," आत्या म्हणाली.

"असता तर बसवला नसता का? बाकीचं मी बघतो. लायनर, पाइप, रबरं, सगळं कशाचं तरी कशाला बसतं. हा मात्र याच गाडीचा लागतो."

आत्याला निकामी वस्तू घरात खपायची नाही. तिनं लाल रंगानं सिलिंडरवर ठसठशीत 'नापास' असं लिहिलं, म्हणजे चुकूनही कुणी परत बसवायला नको, आणि तो रद्दीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकला. मग ती शोधाला लागली.

सुट्या भागांच्या पहिल्या दुकानात तिनं गाडीचं नाव सांगितलं. मालकानं आतल्या माणसांना हाका मारून बाहेर बोलावलं आणि तिला नाव पुन्हा सांगायला लावलं. सगळे मनापासून हसले. तिला चहा दिला, खुर्ची दिली, सिलिंडर सोडून सगळं दिलं. दुसऱ्या दुकानदारानं रुग्णवाहिकेचा सिलिंडर काढून दाखवला. तो जवळजवळ दुप्पट होता.

"हा बसायचा नाही," आत्या म्हणाली.

"गाडी थोडी मोठी करून घ्या," तो म्हणाला.

तिसऱ्यानं नुसता फोन नंबर लिहून घेतला. त्यानंतर तोच तिला अधूनमधून फोन करून विचारू लागला, "मिळाला का हो? नाही, आम्हालाही आता काळजी लागून राहिलीय."

अशात एके सकाळी भंगारवाला आपणहून दारात उभा राहिला. काखेत पुठ्ठ्याचा डबा होता.

"आत्या, तुमचं काम झालं. अस्सल माल. हात न लागलेला."

डब्यात कापूस होता आणि कापसात सिलिंडर. काय त्याची चकाकी! आत्यानं त्यात स्वतःचा चेहरा पाहिला, वहिनीनं तिला बाजूला सारून आपला पाहिला. मिस्त्रीला लगोलग बोलावणं गेलं. त्यानं तो उजेडात धरला, उलटा केला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. एका कडेला चीर होती, आणि चिरीत पांढरं काहीतरी भरून गुळगुळीत घासलं होतं. खाली फिकट लाल अक्षरं उरली होती. घासताना 'ना' पुसला गेला होता. उरलं होतं नुसतं 'पास'.

"हे माझं अक्षर आहे," आत्या म्हणाली. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

भंगारवाला दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहिला.

"आत्या, खोटं बोललो असेन तर सांगा. तुम्ही दिलात तेव्हा तुमचा होता. तो मी दातांच्या डॉक्टरांना दिला. त्यांनी परत केला तेव्हा तो त्यांचा झाला. मी मध्ये काय करणार?"

"आणि हात न लागलेला?"

"माझा नाही लागला. मी हातमोजे घालतो."

आत्या पायात चपला सरकवून तडक दातांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर बारीक अंगाचे, मिशा कातरलेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते. खुर्चीत एक पेशंट आडवा होता. त्याचा जबडा उघडा, आत कापसाचे बोळे आणि ओठाला लटकवलेली नळी. आत्यानं सिलिंडर हत्यारांच्या ताटलीत ठेवला.

"हे तुम्ही केलंत?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"मी दाढेत भरतो तेच भरलं होतं. पॉलिशही केलं. पण तेल दाढेपेक्षा जास्त जोर करतं. टिकेना, म्हणून दिला परत."

"तुम्हाला कशाला हवा होता?"

"माझ्याकडे तीच गाडी आहे," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. प्रेमात पडलेला माणूस मुलीचं नाव सांगतो तसं. "निळी. तिचाही हाच गेलाय. मी किती वर्षं शोधतोय."

"म्हणजे आपण दोघंही एकाच फुटक्या नळकांड्यामागे धावत होतो?"

"ऊं," पेशंट म्हणाला.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं. पेशंटनं मान हलवली आणि ताटलीकडे बोट केलं. "हो हो, ती हत्यारं आता वापरायची नाहीत." ते पुन्हा आत्याकडे वळले. "बाई, या गाडीचा दुसरा सिलिंडर जगात शिल्लक असेल असं मला वाटत नाही."

"ऊं ऊं!" पेशंटनं हात झाडले. शेवटी आत्यानंच पुढे होऊन, बुडणाऱ्याला वर ओढावं तसं त्याला उठतं केलं आणि त्याच्या तोंडातले बोळे काढले.

"तो माझ्याकडे आहे," पेशंट म्हणाला. बधिर ओठांमुळे ते 'भाझ्याकडे' असं ऐकू आलं, पण दोघांनाही नीट कळलं.

तो एका नाटक कंपनीचं सामान सांभाळायचा. पडदे, सिंहासनं, तलवारी, कपबशा, सगळं त्याच्या ताब्यात. कंपनीच्या जुन्या मालकांकडे हीच गाडी होती. गाडी मोडीत गेली आणि घेऊन ठेवलेला एक सिलिंडर सामानाच्या पेटीत राहिला.

"सध्याच्या नाटकात खलनायकाचं पिस्तूल म्हणून तोच वापरतो आम्ही. लांबून बरोब्बर दिसतो. नाटक बंद झालं की घेऊन जा."

"कधी बंद होणार?" दोघांनी एकदम विचारलं.

"एवढ्यातच. कुणी येतच नाही बघायला."

त्याच आठवड्यात आत्या प्रयोगाला गेली, सिलिंडर सुखरूप आहे ना एवढंच बघायला. पहिल्या रांगेत डॉक्टर आधीच बसलेले होते. दोघांनी एकमेकांना न पाहिल्यासारखं केलं. नाटक रटाळ होतं. दुसऱ्या अंकात खलनायक आला, त्यानं कोटातून सिलिंडर काढला, आणि पहिल्या रांगेत दोन माणसं खुर्चीतून पुढे झुकली.

पुढच्या प्रयोगालाही ती दोघं होती. त्याच्या पुढच्यालाही. आपण गेलो नाही तर प्रयोग संपताच समोरचा माणूस सिलिंडर घेऊन पसार होईल, ही भीती दोघांनाही होती. कंपनीच्या व्यवस्थापकानं पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि त्याला भरून आलं. ठरवून टाकलेला शेवटचा प्रयोग त्यानं रद्द केला. "एवढे जीव लावणारे प्रेक्षक असताना नाटक बंद करायचं कसं?" तो नटांना म्हणाला. अशा रीतीनं नाटक बंद होण्याची वाट बघणाऱ्या दोघांनीच ते चालू ठेवलं.

एका प्रयोगात खलनायकाचा हात घामानं निसटला. सिलिंडर स्टेजवर आपटून घरंगळत कडेला आला.

"अरे, सांभाळ रे! पडेल तो!" आत्या ओरडली.

नाट्यगृहाच्या बाहेर उभे असलेले लोक काय झालं म्हणून आत आले. नायिका पुढचं वाक्य विसरली. डॉक्टर धावत स्टेजपाशी गेले, त्यांनी सिलिंडर उचलला, रुमालानं पुसला, उलटसुलट करून पाहिला आणि खलनायकाच्या हातात दिला. "दोन्ही हातांनी धरा," ते कळवळून म्हणाले.

सगळे पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की या नाटकात प्रेक्षकांतून दोन नट उठतात आणि ती बाई तर काय काम करते! तिकिटासाठी रांग लागली. व्यवस्थापकानं आत्याला गुच्छ दिला आणि म्हणाला, "तुमची जागा कायमची राखून ठेवलीय."

"वहिनी, मेले मी," घरी येऊन आत्या म्हणाली. "हे नाटक आता वर्षभर हलत नाही."

वहिनी निवांतपणे भाजी निवडत होती. "त्या डॉक्टरला म्हणावं, लोकांच्या तोंडात खोटे दात बसवतोस ना? मग खलनायकाच्या हातात खोटं पिस्तूल बसव."

आत्या वहिनीकडे बघतच राहिली. त्या दिवशी दोघींचं भांडण झालं नाही.

डॉक्टरांनी सिलिंडरचं माप घेतलं. कवळीचं घेतात तसंच, त्याच मऊ गुलाबी लगद्यात दाबून. दोन दिवसांनी साचा तयार झाला आणि त्यातून कवळीच्या हिरड्यांच्या रंगाचा एक हुबेहूब सिलिंडर निघाला. काळा रंग दिल्यावर सामान सांभाळणाऱ्यालाही खरा कुठला ते ओळखेना. खलनायक तर खूश झाला. जुन्या वजनानं त्याचं मनगट दुखायचं. आता तो पिस्तूल बोटावर फिरवू लागला.

खरा सिलिंडर डॉक्टरांच्या टेबलावर आला. दोन बाजूंना दोघं बसले. कुणीच हात पुढं करेना.

"घ्या तुम्ही," अखेर आत्या म्हणाली. "इतकी वर्षं शोधत होतात."

"तुम्ही घ्या."

"उगाच भिडेखातर नको."

"भीड नाही हो," डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाले. "मला गाडी चालवता येत नाही."

आत्याला आपण चुकून काही तरी वेगळंच ऐकलं असं वाटलं.

"कधी शिकलोच नाही. भीती वाटते. रविवारी मी तिच्यात बसतो, काचा पुसतो, थोडा वेळ स्टिअरिंग धरतो आणि उतरतो. ब्रेक नाही हे कारण फार सोयीचं होतं. ते गेलं तर मला शिकावं लागेल."

आत्यानं आयुष्यात हजारभर घाबरलेली माणसं पाहिली होती. काठाच्या दांडीला लटकलेली, देवाची शपथ घालून उद्या येतो म्हणणारी. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"सिलिंडर माझ्या गाडीत बसवू. शिकवते मी तुम्हाला. कपडे सैल घालून या."

मिस्त्रीनं सिलिंडर आतून साफ केला, नवी रबरं घातली, पाइपांतली हवा काढली. पेडल दाबलं की आता ते मध्येच घट्ट थांबायचं. दोन दिवस आत्यानं स्वतः गाडी फिरवून खात्री करून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना स्टिअरिंगवर बसवलं. वहिनी मागे बसली, का ते तिनं कुणालाही सांगितलं नाही.

"श्वास सोडा," आत्या म्हणाली. "आता क्लच. हळू. अहो, मान कशाला ताणताय, बुडत नाही आहात तुम्ही!"

गाडी गचके खात रस्त्याला लागली. डॉक्टरांना घाम फुटला, पण हात सुटले नाहीत. बाजाराच्या कोपऱ्यावर फुटपाथच्या कडेला एक म्हातारी पिशवी घेऊन उभी होती. डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. डॉक्टरांचा स्वतःच्या पायावर विश्वास बसेना.

"थांबली!" ते म्हणाले. "दाबला आणि थांबली! जा आजी, जा तुम्ही पलीकडे."

"मला नाही जायचं पलीकडे," म्हातारी म्हणाली.

"जा हो, आम्ही थांबलोय ना!"

मागे हॉर्न वाजू लागले. म्हातारीनं गाडीकडे पाहिलं, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि एवढा आनंद झालेल्या माणसाचं मन मोडवेना म्हणून ती पिशवी सावरत रस्ता ओलांडून गेली. पलीकडे पोचली, वळली आणि हात वर करून उभी राहिली.

"थांबा," आत्या म्हणाली, "आता त्यांना परत यायचंय."

"थांबतो की," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पेडलवरचा पाय आणखी घट्ट दाबून धरला.