चार भित्रे आणि एक टाकी

रंधा मारणाऱ्याला भुस्सा गोळा करावा लागत नाही, तो आपसूक पायापाशी साठतो. आमच्या टेक्निकल शाळेच्या वर्कशॉपात किस्से असेच साठायचे. त्यातले निम्मे तरी एकाच गाडीचे आहेत. भित्र्या माणसांनी धाडसाचं काम काढल्यावर दुसरं काय होणार!

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. बेळगावात आम्ही चौघे शिकवत होतो. मी सुतारकाम. आप्पा पाटील फिटर, खानापूरकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. कुलकर्णी सर ड्रॉइंगला. आणि वेल्डिंगला यशवंत कांबळे, निपाणीचा. त्याच्या आईनं तंबाखूच्या वखारीत राबून त्याला शिकवलेलं.

सरकारी लिलावात एक जुनी व्हॅन निघाली. यशवंत म्हणाला, "घेऊया! आत झोपायला फळ्या, एक स्टो, पाण्याची टाकी. चाकावरचं घरच की! कोल्हापूरचा रंकाळा, राधानगरीचं धरण, मग घाट उतरून मालवण, गोवा, कारवार, आणि लोंढ्यावरनं परत."

आम्ही तिघं एका सुरात "व्हय!" म्हणालो, आणि त्याच मिनिटापासून घाबरायला लागलो.

*

नकाशा अर्थातच कुलकर्णी सरांकडे. माणूस असा, की जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरणार. पंधरा दिवस खपून त्यांनी ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढून आणला. लाल शाईत दवाखाने, निळ्या शाईत पोलीस चौक्या, हिरव्या शाईत साप चावल्यावर औषध देणारी माणसं. अक्षर तर काय, मोत्यासारखं!

आप्पानं तो सुलटा धरून बघितला, उलटा धरून बघितला. "सर, ह्यात रस्ता कुठं हाय?"

"तो अजून ठरायचाय," सर म्हणाले. "आधी जगायचं बघू!"

*

लायसन एकट्या आप्पाकडं. गडी सपाटीवर वाघ, पण त्यानं जन्मात घाट उतरला नव्हता. हे आम्हाला गाडी घेतल्यावर कळलं! आठ दिवस त्याच्या घशाखाली चहा उतरेना. शेवटी बोललाच.

"सर, घाट न उतरता मालवणला जाता येतंय काय वो?"

"येतं की," सर म्हणाले. "मुंबईला जायचं, तिथून बोटीनं मालवण."

सरांनी चेष्टा केली होती. आप्पा दुसऱ्या दिवशी विचारत आला, "बोटीत व्हॅन चढवत्यात का?"

*

आता माझं सांगतो, नाहीतर म्हणाल हा तेवढा शूर. चार जणांना झोपायला मी सागवानी फळ्या बसवल्या. दोन खाली, दोन वर. पॉलिश असं केलं की तोंड दिसावं! कौतुकानं बायकोला दाखवायला नेलं.

तिनं पांढरी लांबलचक गाडी बघितली. आतल्या फळ्या बघितल्या. म्हणाली, "चौघं एकदम आडवं व्हणार ह्यात? हार आम्ही आणायचं का तुमचं तुम्ही नेताय?"

मी दोन आठवडे त्या गाडीत पाय ठेवला नाही. खोटं कशाला बोलू!

*

गाडी पूर्वी कुटुंब नियोजनाच्या कामावर होती. लिलावात हे कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले तरी ऊन पडलं की दारावरचा लाल त्रिकोण खालून वर यायचा.

ट्रायल म्हणून एका रविवारी आप्पाच्या गावाला गेलतो. शिवारात भरपूर माणसं दिसत होती. गाडी जवळ गेली आणि एकही बाप्या दिसेना! बायका तेवढ्या पदर तोंडाला लावून हसताहेत. नसबंदीच्या गाडीची लोकांनी अशी धास्ती घेतली होती की, आपल्याच गावच्या पोराची गाडी आहे हे कुणी बघायलाही थांबलं नाही. आप्पाचा सख्खा चुलता गवताच्या गंजीत शिरलेला. पाय तेवढे बाहेर.

आप्पा ओरडला, "काका, मी हाय! आप्पा!"

गंजीतनं रडवेला आवाज आला, "माझं झालंय रं बाबा! दोनदा झालंय!"

*

राहिला यशवंत. आम्ही तिघं इतके भ्यायलेले आणि हा मजेत शिट्टी वाजवत वेल्डिंग मारतोय, याचा आम्हाला रागच यायचा. टाकीला मी एका घागरीची जागा सोडली होती. यानं पाच घागरींची टाकी करून आणली!

"अरे, पाणी प्यायचंय का पोहायचंय?" मी म्हणालो.

मुक्कामांची यादी दिली त्यानं. लोंढा स्टेशन, कारवार बसस्टँड, कोल्हापूर स्टेशन. तळ्याकाठी, गावात एकही मुक्काम नाही. "स्टेशनला नळ असतोय," एवढंच म्हणाला. सरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बोलला.

पाचवीत असताना शाळेची सहल चालत डोंगराला गेलती. वाटेत एक विहीर. मालक दोर ओढायचा आणि पाणी वाढायच्या आधी एकेका पोराचं आडनाव विचारायचा. "माझ्यापाशी आला आणि दोर थांबला. मास्तर दुसरीकडं बघाय लागलं. तसाच घरापतोर चालत आलो. अजून गावाबाहेर पडलो की घशाला कोरड पडतीय बघा. घाट, साप, समुद्र, मला कशाचं काय न्हाय. पण कुणाच्या दारात पाणी मागायची पाळी आली, तर मी तिथनंच माघारी फिरणार. आधीच सांगून ठेवतो."

मला फार वाईट वाटलं, आणि इतकी वर्षं एका डब्यात जेवून हे आपल्याला ठाऊक नव्हतं याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी माझी झोपायची फळी वीतभर आखूड केली. टाकी बसली.

*

मग मे महिन्यात जांबोटीच्या रस्त्याला शेवटची ट्रायल. ही पार पडली की पुढच्या सोमवारी निघायचं. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. एका वळणावर बस बंद पडलेली, पन्नासभर माणसं झाडाखाली बसलेली. ओढे आटलेले, जवळ वस्ती नाही, दुसरी बस संध्याकाळी. कंडक्टरनं हात केला.

अर्धी टाकी बसच्या रेडिएटरनं प्याली, तरी बस चालू होईना. तोवर लोक तांबे, डब्यांची झाकणं घेऊन रांगेला लागले. यशवंत स्वतः नळाशी बसला. दोघांचं झालं. तिसरा एक म्हातारा, डोक्याला पटका. त्यानं तांब्या पुढं केला आणि मागं घेतला.

"टाकी कुणाची म्हणायची?"

आप्पा उगीचच बॉनेट उघडून आत बघायला लागला. सर घाईघाईनं म्हणाले, "शाळेची! आमच्या शाळेची!"

"न्हाय सर," यशवंत म्हणाला. "माझी हाय. मी केलीय. यशवंत कांबळे, निपाणी."

नळ बंद करायचं त्याला सुचलं नाही, पाणी त्याच्याच पायावर सांडत राहिलं.

म्हातारा बाजूला सरला आणि झाडाखाली जाऊन उभा राहिला. त्याच्या मागं कडेवर पोर घेतलेली बाई होती. तिनं म्हाताऱ्याकडं बघितलं, सांडणाऱ्या पाण्याकडं बघितलं, आणि डबा नळाखाली धरला. मग तिच्या मागचा आला. मग कंडक्टर. दोघं-तिघं मात्र म्हाताऱ्याजवळ जाऊन बसले. यशवंत मान वर न करता देत राहिला. धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली.

घटकाभरानं त्याच्याजवळ बसलेले ते दोघं-तिघं उठून पाणी शोधत वळणापलीकडं गेले. म्हातारा एकटाच गाडीपाशी आला. ओठ पांढरे पडलेले.

"सपलं?"

"सपलं," यशवंत म्हणाला.

त्यानं स्वतःसाठी एक ग्लास भरून बाजूला ठेवला होता. अजून तोंडाला लावला नव्हता. तो उचलून त्यानं पुढं केला.

म्हाताऱ्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बसकडं पाठ केली, जंगलाकडं तोंड केलं आणि एका दमात ग्लास रिकामा केला. धोतराच्या सोग्यानं पुसून यशवंतच्या हातात दिला आणि हळूच म्हणाला,

"पाव्हणं, तेवढं आमच्या गावात कुणाला बोलू नगासा!"