उंबऱ्यावर टेकलेलं डोकं

हे लिहायला मला बराच संकोच वाटतो, कारण ज्या दुःखाबद्दल लिहायचं आहे ते ऐकून लोक हसतात. माझे केस गेले होते. घरात सगळे सुखरूप होते, दुकान नीट चाललं होतं, अंगात कसलं दुखणं नव्हतं. पण एकोणिसाव्या वर्षी, जालन्याला कॉलेजात असताना, सकाळी उशीवर केस दिसायला लागले आणि तेविसावं लागेपर्यंत कपाळ टाळूला जाऊन मिळालं. वाटूर फाट्यावर आमचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. तिथे मी वडिलांसोबत बसतो. वयाने माझ्याहून मोठी माणसं मला "काका, मावा पडलाय, औषध द्या" म्हणायची. मी हसून औषध द्यायचो आणि मग मागच्या गोदामात जाऊन मोबाईलच्या काळ्या काचेत स्वतःला बघून यायचो.

पुढे मी क्रिकेटची टोपी घालायला लागलो. दुकानात, लग्नात, एवढंच काय मयतीलासुद्धा. झोपताना काढायचो तेवढीच. परतूरकडे एक मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा तिचे मामा सहज म्हणाले की टोपी काढून बसा, पोरीला चेहरा नीट दिसू द्या. मी काढली. पोहे आले, चहा आला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. नंतर निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर त्यांनी मागितलीच नव्हती.

त्यानंतर मी केसांच्या ऑपरेशनचं मनावर घेतलं. डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढे लावतात, ते. शहरातल्या एका क्लिनिकमध्ये जाऊन आलो. तिथे डॉक्टर भेटले नाहीत. एका चुणचुणीत माणसाने आधीचे-नंतरचे फोटो दाखवले, माझ्या कपाळावर पेनाने रेघ ओढून आरसा समोर धरला आणि तारीख देऊन टाकली. वय लहान नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाला, जितक्या लवकर कराल तितकं चांगलं. घरी आलो आणि मन दोन्हीकडे ओढायला लागलं. एक मित्र म्हणायचा करून टाक, दुसरा म्हणायचा थांब. वडिलांचं डोकंही तसंच, त्यामुळे ते या विषयावर मान वर करून बोलायचेच नाहीत, जणू त्यांनीच मला काही वाईट दिलं होतं. तारीख जवळ येत गेली तसा माझा जीव थाऱ्यावर राहिना. केलं तर भीती आणि न केलं तर लाज.

आई फार बोलणारी नाही. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात ती ताट वाढता वाढता म्हणाली, "तुझं जावळ पिंपळगावच्या रेणुकाईला वाह्यलंय. पहिले केस तिचे. डोक्याला सुई लावायच्या आधी तिला एकदा इचारून ये."

मी म्हणालो, देवी काय उत्तर देणार आहे का?

"न्हाई दिला जवाब तर न्हाई. तू जाऊन तर ये."

खरं सांगतो, श्रद्धेने गेलो नाही. आईचं मन मोडू नये म्हणून गेलो. माघ संपत आला होता. सकाळी लवकर मोटरसायकल काढली. जालना मागे टाकलं, राजूरला रस्त्यावरूनच गणपतीला हात जोडले, भोकरदनला चहा घेतला. दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडत चालला होता. आईने पिशवीत ओटीचं सामान दिलं होतं, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. वाटभर मी मनात देवीशी भांडत होतो. जावळ तुला दिलं होतं ना, मग बाकीचे कशाला घेतलेस? असं कुणी देवीला विचारतं का, पण मी विचारत होतो.

पिंपळगावला पोहोचलो तेव्हा देवळात गर्दी नव्हती. एक कुटुंब जावळासाठी आलेलं होतं. मंडपात सतरंजी अंथरली होती, बायकांची लगबग चालली होती, एक लहान मूल चिडून रडत होतं. मी त्यांच्या बाजूने गेलो, ओटी पुजाऱ्यांच्या हातात दिली आणि गाभाऱ्यासमोर उभा राहिलो. शेंदराने भरलेलं ते मुख, आणि ते मोठाले डोळे. लहानपणी आईच्या कडेवरून बघितलेले तेच डोळे. नमस्कार करायला वाकलो आणि टोपीची चोच उंबऱ्याला लागली. टोपी डोक्यावरून निसटून मागे कुठेतरी पडली.

चारचौघांत टोपी पडली की माझा हात आपोआप तिकडे जायचा. त्या दिवशी गेला नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. उंबऱ्याचा थंड दगड कपाळाला लागला आणि तो थंडावा सरळ टाळूपर्यंत गेला. विचारायचं म्हणून वाटभर जे जे जुळवून आणलं होतं त्यातला एक शब्द आठवेना. करू की नको, एवढंसुद्धा तोंडातून निघेना. शेवटी मनात एवढंच उमटलं की आई, मला काही कळत नाही, तूच बघ. आणि मी तसाच पडून राहिलो. किती वेळ, ते माहीत नाही.

"दादा."

मी मान वर केली. मागे एक बाई उभी होती, माझ्याहून थोडी मोठी असेल. कडेवर तेच रडून लाल झालेलं मूल, केस पार मानेपर्यंत वाढलेले, रिबिनीने वर बांधलेले. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी जागचा हललो नाही.

"दादा, तुम्ही आमचे कोणी न्हाईत," ती म्हणाली. "पण माझ्या लेकराला मांडीवर घेता का? त्याचं जावळ काढायचंय. त्याला मामा न्हाई."

तेवढ्यात तिचे सासरे लगबगीने आले. रुमाल बांधलेले म्हातारे गृहस्थ होते, सुनेने अनोळखी माणसाला असं विचारलेलं पाहून ओशाळले होते. मला बाजूला घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. सुनेला एकच भाऊ होता. मागच्या वर्षी मोटरसायकलवरून घरी येताना ट्रकने उडवलं, जागीच गेला. तेव्हापासून जावळ अडलं होतं. मामाच्याच मांडीवर काढायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही, हा तिचा हट्ट. चुलत-मावस भाऊ पुष्कळ होते, एकालाही ती हो म्हणेना. लेकराला तिसरं वर्ष सरत आलं म्हणून आज समजूत घालून तिला आणलं होतं. एक मावसभाऊ नवे कपडे घालून सतरंजीवर बसलाही होता. "अन् आता त्याला सोडून ही तुमच्याकडं आली," ते म्हणाले. "आम्हाला बी कळंना हिला काय झालं. तुम्हाला अडचण असंल तर बिलकुल संकोच करू नका."

माझ्या तोंडून हो कधी गेलं ते मलाही कळलं नाही.

मला पाटावर बसवलं. कुंकू लावलं. मूल माझ्या मांडीवर येताच शांत झालं असं लिहिलं तर गोड वाटेल, पण तसं काही झालं नाही. त्याने चांगलं भोकाड पसरलं, माझा शर्ट ओढला, मला दोन लाथा हाणल्या. पहिली बट मामाने कापायची असते. न्हाव्याने कात्री माझ्या हातात दिली आणि मी जपून एक बट कापली. मक्याच्या कणसाच्या कोवळ्या केसांसारखी ती बट होती. मुलाच्या आत्याने ती पदरात झेलली. मग न्हाव्याने काम सुरू केलं. एकेक झुबका खाली येत होता आणि भोवतीच्या सगळ्या बाया हसत होत्या, कुणी टाळ्या वाजवून लेकराला रिझवत होतं. केस जाताहेत आणि सगळे आनंदात आहेत, असं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. हळूहळू मूल दमलं. माझा अंगठा मुठीत धरून हुंदके देत बसून राहिलं. त्याचं उघडं, कोवळं डोकं माझ्या छातीला टेकलं होतं. कशाने ते मला सांगता येणार नाही, पण मला गलबलून आलं.

सगळं आटोपल्यावर खांबाशी बसलेली एक म्हातारी उठली. ती मुलाची आजी होती, आईची आई. सकाळपासून ती कुणाशी बोलली नव्हती म्हणे. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने आपला हात माझ्या टाळूवर ठेवला. खरखरीत, जडसा हात.

"असाच व्हता," ती म्हणाली.

मी तिच्या लेकीकडे पाहिलं. मीच का, हा प्रश्न माझ्या तोंडावर दिसला असणार. तिने डोळे पुसले आणि सांगितलं.

"आमचा दादा पंचविशीतच असा झाल्ता. केस सगळे गेल्ते. आज इथं येऊन मी डोळे मिटले अन् रेणुकाईला म्हणलं, आई, मामा दे, न्हाई तर मी लेकराला घेऊन वापस जाते. डोळे उघडले तर उंबऱ्यावर दादाचं डोकं."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मंडपातली माणसं, घंटा, मुलाचं हुंदके देणं, सगळं लांब गेल्यासारखं झालं. तिने डोळे मिटले होते, तेवढ्यात इकडे माझी टोपी पडली होती. टोपी डोक्यावर असती तर तिला माझ्या जागी नुसता एक माणूस दिसला असता. मी पुढच्या आठवड्यात आलो असतो तर डोक्याला पट्ट्या असत्या. आणि माझे केस शाबूत असते, तर त्या लेकराच्या जावळाला त्या दिवशी मामा मिळाला नसता. जे डोकं मी लग्नाच्या मांडवात आणि मयतीतही झाकून ठेवलं, ते एका बहिणीला ओळखू आलं होतं. मी गाभाऱ्याकडे पाहिलं. ते डोळे तसेच होते, मोठे, उघडे. मला त्यांच्याकडे फार वेळ बघवेना.

त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. पंगतीत पुरणपोळीवर तुपाची धार धरताना ती म्हातारी माझ्यासमोरून हलत नव्हती. हात धुताना गार पाण्याचा हात डोक्यावरून फिरवला तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की इतका वेळ मी एवढ्या माणसांत उघड्या डोक्याने बसलो होतो.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली आणि दिव्याची वात सारखी केली. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमधून फोन आला, येताय ना म्हणून. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. "आत्ता नको," असं मी म्हणालो आणि ते माझ्याच कानांनी ऐकलं. फोन ठेवल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

पुढे पावसाळ्यात अंगावर पुरळ आली म्हणून जालन्याच्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. जाता जाता त्यांना डोकं दाखवलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, तुमचे केस अजून जायचे थांबलेले नाहीत. आत्ता पुढे लावले असते तर ते राहिले असते आणि त्यांच्या मागचे गेले असते, पुढे एक पट्टा आणि मागे मोकळं रान दिसलं असतं. मागून काढता येण्यासारखे केसही मोजकेच असतात, ते एकदा संपले की संपले. तिशीपर्यंत थांबा, मग बघू. मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो आणि तिथेच कठड्याला धरून उभा राहिलो. मी जे विचारायला गेलो होतो ते उंबऱ्यावर माझ्या तोंडून निघालंसुद्धा नव्हतं, आणि तरी त्याचं उत्तर मिळालं होतं.

मित्र म्हणतात, योगायोग. असेल. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, मला घालताही येणार नाही. तिशीनंतर वाटलं तर मी ऑपरेशन करीनही, त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. सोयरीक अजून जमलेली नाही. गिऱ्हाइकं अजूनही काका म्हणतात आणि एखाद्या दिवशी ते लागतंही. पण आता मी ते धरून बसत नाही. स्वतःच्या हाताने सगळं ओढून जागेवर आणायची जी घाई मला होती, ती त्या दगडावर कपाळ टेकलं तेव्हा कुठेतरी सुटली. आपण हात सोडला तरी आपल्याला धरणारं कुणी आहे, एवढं मला त्या दिवशी कळलं.

दिवाळीत त्या लेकराच्या आईचा फोन आला, भाऊबीजेला या म्हणून. तिच्या माहेरी गेलो. म्हातारीने पाट मांडून ठेवला होता, लेकरू कुंची घालून अंगणात पळत होतं. मी पाटावर बसलो. बहिणीने वाटीतलं कोमट तेल तळहातावर घेतलं आणि माझ्या टाळूवर ठेवून हळूहळू जिरवायला लागली. जिथे केस नाहीत तिथे तिचा हात थांबला आणि बराच वेळ तसाच राहिला. तोवर ती मला अहो-जाहोच करत होती.

"दादा, डोळे मीट की," ती म्हणाली. "तेल जाईल."

मी डोळे मिटले. रेणुकाई, आई, तुझे उपकार.