सरूच्या नावाची सव्वा मूठ

माझी नात सरू फौजेत आहे. त्या श्रावणात टीव्हीवर सीमेकडच्या गोळीबाराच्या बातम्या सुरू झाल्या आणि तिचा फोन बंद झाला. कानबाई देवीचा सण तोंडावर आलेला. सून, म्हणजे सरूची माय, चुलीपुढे मोबाइलकडे बघत बसायची आणि मी ओट्यावर. देवीला हात जोडावे तर मनात यायचं, ही ऐकते तरी का? माझ्यासारख्या हट्टी माणसाला हे लिहायला जड जातं, पण होतं ते असंच.

मी चौथीपर्यंत शिकलेला. मेक्सिको कुठे आहे ते आजही नेमकं ठाऊक नाही. पण सरू कॉलेजात असताना तिने मला तिथल्या क्रांतीच्या लढाईतल्या बायांचे जुने फोटो दाखवले होते. आगगाडीच्या टपावर चूल, पाठीवर पोर, मका वाटायचा पाटा आणि खांद्याला बंदूक. "आबा, भाकरी बी त्यास्नी करी, लढाई बी त्यास्नी करी. मंग चित्रे काढनारास्नी त्यास्ले नुसतं नटाडी ठेवं. फोटोखाले नाव बी नही."

"बाई लढाईमा शोभस का?" मी म्हणालो होतो. ती हसली आणि कॉलेज संपताच भरती झाली. आता डोळे मिटले की तोच फोटो दिसायचा, आणि त्या बाईचं तोंड सरूचं.

आमच्याकडे कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात आणि घरच्याच जात्यावर दळतात. मुठी टाकायचा मान माझा. सणाच्या सकाळी जातं दळेना, दाणे अख्खेच बाहेर पडू लागले. दगड झिजून गुळगुळीत झालेला, आणि छिन्नीने ठोकून त्याला टाकी लावणारं, पुन्हा खरबरीत करणारं गावात कुणी उरलं नव्हतं. "आबा, देवी कोपनी का?" सुनेने विचारलं. माझ्याही मनात तेच आलं, पण तोंडाने मी तिच्यावरच ओरडलो.

तेवढ्यात दारात हाक आली, "टाकी लावनी शे का, टाकीऽ?" एक बाई उभी होती, झोळीत पाठीशी पोर, डोक्यावर पाटा, हातात छिन्नी-हातोडी. मी बघतच राहिलो. तिने जातं उलटं केलं आणि ठोकता ठोकता विचारलं, "कोनकोनना नावनं दळन शे?"

"घरना गड्यास्ना."

"मंग बाया काय वारा खातस? आनि कानबाई कोन शे आबा, गडी?"

माझ्या ओट्यावर मला असं कुणी बोललं नव्हतं. सून पदराआड हसली, कितीतरी दिवसांनी. मी रागातच सूप ओढलं, सरूचं नाव मोठ्याने घेतलं आणि सव्वा मूठ टाकली. भाऊबंद काय म्हणायचं ते म्हणोत. जातं फिरलं आणि पीठ पडू लागलं. गूळ-पाणी घेऊन ती बाई गेली. मागून शेजारच्या आळीत विचारलं, तर तिकडे तिला कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाया कानबाईला विसर्जनासाठी डोक्यावर घेऊन नदीत उतरत होत्या, तेव्हा सुनेचा मोबाइल वाजला. सरूच होती. "आबा, रस्ता तुटी गयथा, फोन बी बंद व्हतात. आम्ही पोरीस्नी भाकरी बी करी, पहारा बी दिधा."

"तुन्ही मूठ टाकी मी."

"मन्हं नाव लिसन टाकी?"

"हा. मोठ्यानं."

ती बाई कोण होती, मी शोधत नाही. तिला आणि कानबाईला एकदमच हात जोडतो. मूठ उघडली की दाणा ना गड्याचा ना बाईचा, देवीचा होतो, एवढं मला म्हातारपणी कळलं. यंदा सुनेचीही मूठ टाकायला बसलो आणि नावापाशी अडलो. इतकी वर्षं मी तिला सरूची माय म्हणूनच हाक मारलेली. शेवटी तिलाच विचारावं लागलं. तिचं नाव इंदू.