कॅनडाकाकांचं एकुलतं एक मत

तीन देशांत मिळून एकच मत असलेला आणि त्या एका मतापायी तिन्ही देशांना धारेवर धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बॉस्टनजवळच्या आमच्या श्रूजबरीत, आमच्यापासून चौथ्या घरात ते राहत. मराठी मुलं त्यांना कॅनडाकाका म्हणत, मग मुलांचे आईबापही म्हणू लागले, आणि शेवटी चुकून आमच्याकडे आलेल्या त्यांच्या टपालावरचं खरं नाव वाचून हे गृहस्थ कोण, असा प्रश्न आम्हाला पडायला लागला. जन्म अमरावती जिल्ह्यातला, नोकरी मॅसॅच्युसेट्समधली आणि पासपोर्ट कॅनडाचा. इथे येण्याआधी ते चार वर्षं ओंटारियोतल्या एका गावात राहिले होते. तिथलं नागरिकत्व घेतलं म्हणून भारतातलं मत गेलं, आणि इथे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे म्हणून अमेरिकेतलं मत आलंच नाही. उरला तो ओंटारियोतला मतदारसंघ. तिथे आता त्यांच्या ओळखीचं एक माणूस उरलं नव्हतं, पण काकांनी त्या मतदारसंघाला असा जीव लावला होता की तिथल्या खासदाराला ते महिन्याला एक पत्र लिहीत आणि उत्तरादाखल आलेल्या आभाराच्या दोन ओळी छापून फायलीला लावत. मी एकदा विचारलं, "काका, तिथल्या रस्त्यावरच्या खड्ड्याशी तुमचा काय संबंध?" तर म्हणाले, "ताई, खड्डा माझ्या मतदारसंघात आहे ना!"

करोना आला तेव्हा काकू नागपूरला त्यांच्या आईपाशी अडकलेल्या. काका घरात एकटे. एकटा माणूस काहीतरी धरून ठेवतो, काकांनी कॅनडा धरला. रोज सकाळी अकराच्या सुमाराला कॅनडाचे पंतप्रधान आपल्या घराच्या पायऱ्यांपाशी येऊन देशाशी बोलत, तेव्हा काका ऑफिसच्या मीटिंगमधून गायब होत. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. काका राहत मॅसॅच्युसेट्समध्ये आणि नियम पाळत ओंटारियोचे. आमच्याकडे सगळं उघडलं तरी ओंटारियो बंद म्हणून काका बंद. ओंटारियोत एका माणसानं दहाजणांचं वर्तुळ करून त्यांच्यातच मिसळावं असं ठरलं, तेव्हा काकांनी खरोखर यादी केली. तिच्यात बुद्धविहारातली दोन कुटुंबं होती, टपाल आणणारा होता, मी होते, माझी मुलगी होती, माझी आई होती. माझा नवरा नव्हता. "दहा झाले, ताई. साहेबांना नेक्स्ट फेजमध्ये घेऊन घेऊ," असं त्यांनी मला इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी नवऱ्याची समजूत काढत बसले. मग तिकडे हॉटेलांच्या अंगणात बसून खायची परवानगी मिळाली आणि काकांनी आम्हाला चहाला बोलावलं, अर्थात बाहेर, घरामागच्या लाकडी डेकवर, स्वेटर घालून, सहा-सहा फुटांवर. केंद्र काय म्हणतं, प्रांत काय म्हणतो, आणि दोघांत कोणाचं ऐकायचं, यावर ते तासभर बोलले. माझी तेरा वर्षांची मुलगी घरी येताना म्हणाली, "मॉम, ही इज लाइक अ वन-मॅन कंट्री."

माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती ती साथीमुळे दीड वर्ष राहिली. साताऱ्याकडची निवृत्त शिक्षिका. काका तिला शाळेतल्या पोरासारखे "बाई" म्हणत. आमच्या घरी गणपती-गौरी बसत. काका मूर्तीला हात जोडत नसत, ते त्यांच्या धर्मात बसत नाही. ते यायचे, आईला हात जोडायचे आणि पाच पुरणपोळ्या खायचे. आईनंही त्यांना कधी कुंकू लावलं नाही, आरतीचं ताट पुढे केलं नाही. तिची एकच खोड होती. नवा, महत्त्वाचा कागद दिसला की त्याला हळद-कुंकवाचं बोट लागलंच पाहिजे. लशीच्या कार्डालाही तिनं लावलं होतं, आणि दुसऱ्या डोसच्या वेळी फार्मसीतला माणूस त्या डागाकडे बघत राहिला होता.

अशात कॅनडात निवडणूक जाहीर झाली. काका आधी भडकले. "चौथी लाट येऊन राहिली अन् यांना इलेक्शन सुचतं? कोणी मागितलं होतं?" असं म्हणत त्यांनी आमच्या ड्राइव्हवेवर पंतप्रधानांना झोडपलं, आणि घरी जाऊन पहिल्या तासाभरात टपाली मतदानाचा अर्ज भरला. मग सुरू झालं वाट पाहणं. टपाल तेव्हा रखडत होतं. काका दिवसातून चार वेळा पेटी उघडायचे. मतदान दहा दिवसांवर आलं तरी पाकीट नाही. मतपत्रिका ठरल्या वेळेत ऑटव्याला पोचली नाही तर ती मोजत नाहीत, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मलाच धडधडायला लागलं. माझा स्वभाव चिडका. एकदा मी म्हटलंही, "काका, तुमचं एक मत नाही पोचलं तर कॅनडा बुडणार आहे का?" ते नुसते वळले आणि घरी गेले, आणि मला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

पाकीट आलं ते ऐन गौरींच्या आदल्या दिवशी. त्यातली मतपत्रिका कोरी असते. उमेदवाराचं नाव आपल्या हातानं लिहायचं. काकांनी पडदे लावून दुसऱ्या कागदांवर आधी सराव केला आणि ते कागद डेकवरच्या ग्रिलमध्ये जाळले. मग मतपत्रिका आतल्या कोऱ्या पाकिटात, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, बाहेरच्यावर सही आणि तारीख. सगळं चिकटवलं. बॉस्टनमधल्या कॅनडाच्या वकिलातीत दिलं की ते वेळेत पुढे पाठवतील असं त्यांनी फोनवर विचारून ठेवलं होतं. पण नेमका काकांच्याच ऑफिसातला एकजण पॉझिटिव्ह निघाला आणि त्यांनी स्वतःला चौदा दिवस घरात कोंडून घेतलं. लस घेतलेल्याला ओंटारियोत तेव्हा असा नियम होता की नाही मला माहीत नाही. काकांच्या ओंटारियोत होता. मला गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी बॉस्टनला ऑफिसात जायचंच होतं. म्हणून जेवणाच्या सकाळी त्यांनी पाकीट आमच्या डेकवरच्या खुर्चीत ठेवलं आणि लांबूनच फोन केला. मी पुरण वाटत होते. आईला म्हटलं, "काकांचं महत्त्वाचं पाकीट आहे, आत आणून नीट ठेव."

तिनं नीट ठेवलं. गौरींपुढे ठेवलं, आणि ओल्या हळद-कुंकवाची दोन बोटं त्यावर उमटवली.

मी पाहिलं तोवर कुंकू सहीच्या शेजारी पसरलं होतं, कागदानं पाणी पिऊन टाकलं होतं. लपवावं असं क्षणभर मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण फोन केला. काका पाच मिनिटांत डेकवर हजर, दोन मास्क लावून, जाळीच्या दाराबाहेर. मी पाकीट दाराशी धरलं. ते बघत राहिले.

आई पुढे झाली. "चुकले हो मी. तुमच्यात चालत नाही, मला ठाऊक आहे. मला वाटलं ग्रीन कार्डाचे कागद. हात आपोआप गेला."

"बाई, त्याचं काही नाही," काका म्हणाले. "पण आत उतरलं का? आतल्या पाकिटावर खूण नाही पाहिजे. ओळखू येईल अशी खूण असली तर मत बाद होतं."

उघडून बघता येत नव्हतं. उघडलं की गेलंच. मुलगी फोनचा टॉर्च घेऊन आली तर काका ओरडले, "नो नो! सीक्रेट बॅलट आहे!" आणि जाळीबाहेरूनच दोन्ही हात असे पसरले की जणू उमेदवाराचं नाव भिंतीवर उमटणार होतं. दुसरी मतपत्रिका मागवायला दिवस उरले नव्हते. शेवटी त्यांनी निवडणूक कार्यालयाला फोन लावला, स्पीकरवर. "मॅडम, देअर इज अ रेड पावडर ऑन माय एन्व्हलप. नो मॅडम, नॉट ब्लड. इट इज ऑस्पिशस." तिकडची बाई फार सभ्य होती. तीन वेळा सॉरी म्हणाली. बाहेरची सही आणि तारीख वाचता येत असेल तर पाकीट चालेल. आतल्या पाकिटाचं मात्र उघडणारा अधिकारी ठरवेल, आत्ता कुणी सांगू शकत नाही.

काका डेकच्या पायरीवर बसले. मी दाराच्या आत उभी. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. ते नऊ-दहा वर्षांचे असताना वडिलांबरोबर मतदानाला गेले होते. वडील दाढी करून, धुतलेला सदरा घालून. रांगेत त्यांचा नंबर लागला आणि टेबलावरचा माणूस म्हणाला, तुझं मत पडलं, जा घरी. वडील म्हणाले, मी तर आत्ता आलो. तो म्हणाला, पडलं म्हणजे पडलं. मागचे लोक हसले. "घरी आल्यावर बापानं माझ्या दौतीतली शाई घेतली अन् स्वतःच बोटाला लावली. मायला समजू नये म्हणून. मले म्हणे, सांगू नको."

आई स्टुलावर बसली होती. तिनं आयुष्यभर निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या होत्या, यादीतलं नाव मोठ्यानं वाचायचं काम तिचंच असे. ती म्हणाली, "त्यांना वेगळी मतपत्रिका द्यायला हवी होती. आपल्या नावावर दुसरा कोणी मत टाकून गेला तर प्रदत्त मत द्यायचं असतं. तसा नियम आहे."

"त्यांना कोण सांगणार, बाई?"

"मी सांगायला हवं होतं," आई म्हणाली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. "तुमच्या वडलांना नव्हे. पण माझ्याही टेबलाशी असे लोक आलेत. परत गेलेत. त्या वेगळ्या मतपत्रिका दर वेळी आमच्या सामानाच्या पेटीत असायच्या. गावात तंटा नको म्हणून मी मान खाली घालून पुढचं नाव वाचलंय." तिला मी आयुष्यात इतकं खजील झालेलं पाहिलं नव्हतं. गौरींपुढे पानं वाढलेली तशीच होती आणि पोळ्या गार होत होत्या.

काका उठले. "पाठवा तसंच," म्हणाले. "बाद करायचं तर उघडून, बघून बाद करतील."

दुसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर बॉस्टनला आली. येऊ नको म्हटलं तरी आली, नऊवारी नेसून, मास्क लावून. पाकीट सगळा रस्ता तिच्या मांडीवर होतं. काचेपलीकडच्या बाईला तिनं ते दोन्ही हातांनी दिलं आणि सहीवर बोट ठेवून सांगितलं, "सिग्नेचर क्लिअर. प्लीज सी." ती बाई हो म्हणाली. आई हलेना. "पोहोच द्या म्हणावं," असं मला म्हणाली. पोहोच देत नाहीत हे मी तिला समजावत होते, मागे रांग वाढत होती, सुरक्षारक्षक आमच्याकडे बघायला लागला होता, आणि माझी आई, जी बँकेतही मान वर करून बोलत नाही, ती म्हणत होती, "मग त्यांना आमच्यासमोर पेटीत टाकायला सांग." त्या बाईनं शेवटी टाकलं. तेव्हा आई वळली.

मतदान झालं. पंतप्रधान तेच राहिले. काकांचा माणूस त्यांच्या मतदारसंघात इतका आपटला की काकांचं मत पोचलं काय, न पोचलं काय, काही फरक पडत नव्हता. निवडणूक कार्यालयानं फोनवर एवढंच सांगितलं की पाकीट वेळेत मिळालं होतं. मोजलं की बाद केलं ते सांगता येत नाही. मला वाटलं काका चिडतील. ते पडलेल्या उमेदवाराच्या मतांचा आकडा कागदावर लिहून आमच्याकडे घेऊन आले आणि म्हणाले, "याच्यात मी आहो, किंवा नाही आहो. पण वडिलांसारखं दारातून परत नाही पाठवलं कोणी." मला तोवर या देशाची नागरिक होऊन सहा वर्षं झाली होती आणि मी एकदाही मतदानाला गेले नव्हते. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली.

आईचं परतीचं तिकीट निघालं. निघायच्या दिवशी दुपारी काका भेटायला आले, आता त्यांचा ओंटारियो उघडला होता म्हणून घरात आले. चहा झाला. आईनं बॅगेच्या याद्या बाजूला सारल्या आणि विचारलं, "मतदारयादीत वडलांचं नाव कसं होतं तुमच्या?" काकांनी सांगितलं. तिनं ते तिच्या वळणदार अक्षरात कागदावर लिहून घेतलं, चष्मा पुसला, ताठ बसली आणि शाळेच्या वर्गाबाहेर, व्हरांड्यातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात वाचलं, "श्रावण झिंगाजी!" आणि समोर बघत थांबली. फार उशीर झाला होता, ते तिलाही ठाऊक होतं आणि काकांनाही. तरी काका खुर्चीतून उठले, शर्ट नीट केला आणि तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.