मे महिन्यातलं दहिवर

देवाची इच्छा काय, देवाची इच्छा काय, असं सारखं विचारत बसणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. मी स्वतः ख्रिस्ती आहे, रविवारची प्रार्थना चुकवत नाही, जेवायच्या आधी डोळे मिटते. तरी येतो. आणि त्या माणसांत पहिला नंबर माझ्या बाबांचा.

बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झाले आणि शहापुरात घर बांधून राहिले. घर बांधायचं की नाही, हेही त्यांनी देवालाच विचारलं होतं. विचारायची त्यांची एक पद्धत होती. शास्त्रात एका माणसाची गोष्ट आहे. त्यानं रात्रभर खळ्यात लोकर ठेवली आणि देवाला सांगितलं, सकाळी लोकर दहिवरानं ओली आणि भोवतालची जमीन कोरडी निघाली, तर तुझा होकार समजेन. आता शहापुरात लोकर कुठून आणायची? बाबांनी धानाचं रिकामं पोतं घेतलं. मोठा निर्णय आला की झोपायच्या आधी पोतं अंगणात. सकाळी पोतं ओलं, जमीन कोरडी, तर हो. नाहीतर नाही. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकच, त्यामुळे तमाशा बघायला सगळे मोकळे. एका काकूंनी तर आईला तोंडावर विचारलं, "काहून वो, तुमचा देव पोत्यात येते का?" आईनं त्या काकूंना पुन्हा कधी चहा विचारला नाही.

माझं नर्सिंगसुद्धा पोत्यानंच ठरवलं. बारावीचा निकाल लागला होता, नागपूरला जायचं माझ्या मनात पक्कं होतं, आणि प्रार्थनेला येणाऱ्या बायका बाबांच्या कानाला लागल्या होत्या. पोरीची जात, एवढ्या दूर कायले धाडता, लग्न करून मोकळे व्हा. त्यांच्या पोरी कुठं गेल्या नव्हत्या ना, मग माझीही जायची गरज नव्हती! बाबांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "तुमीच पाहा." ती जन्मभर हेच म्हणाली. मग बाबांनी पोतं ठेवलं आणि सकाळी ते गच्च ओलं निघालं. मी नागपूरला गेले. पुढं कितीतरी वर्षं बाबा सभेत उभं राहून साक्ष द्यायचे की प्रभूनं माझ्या लेकीसाठी पोतं भिजवलं. लोक हालेलुया म्हणायचे. आई खाली मान घालून बसलेली असायची.

खरं काय ते आईनं मला तिच्या शेवटच्या आजारात सांगितलं. "मीच भिजवलं होतं, बाई. मंग काय करू? तुहे बाबा त देवाच्या भरोशावर बसले होते." सांगताना ती एवढी हसली की तिला खोकला आला. गेल्या पावसाळ्यात ती गेली. बाबांना मी त्यातलं काही सांगितलं नव्हतं.

आणि या मे महिन्यात बाबांचा पाय सडायला लागला. शुगर जुनीच. अंगठ्याला ठेच लागली, त्यांनी हळद दाबली, मला कळवलं नाही. मी लाखनीला दवाखान्यात नर्स आहे, दिवसभर लोकांच्या जखमा धुते, आणि माझ्या बापाचा अंगठा काळा पडल्याचं मला शेजारच्याच्या फोनवरून कळलं. नागपूरच्या सर्जननं बघितल्याबरोबर सांगितलं की पुढचा पंजा काढावा लागेल, आणि उशीर केलात तर गुडघ्यापर्यंत जाईल, त्यानंतर माणूसच जाईल. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रभूले विचारून सांगतो."

घरी आल्यावर त्यांनी पोतं बाहेर काढलं.

भंडाऱ्याचा मे महिना! पहाटेसुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो. सकाळी पोतं पापडासारखं कडक. बाबा म्हणाले, "प्रभू नाई म्हणून राहिला." दुसऱ्या दिवशी पुन्हा पोतं, पुन्हा कोरडं. मी रजा काढून तिथंच राहिले होते, रोज पट्टी बदलत होते, आणि त्या पट्टीचा वास मला वॉर्डातून चांगला ओळखीचा होता.

शेवटी मी पास्टरांना फोन केला. म्हटलं, माझं नाही तर तुमचं तरी ऐकतील. पास्टर म्हणाले, "ताई, घाई करू नका. प्रभूची वेळ येऊ द्या." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "पास्टरसाहेब, तुमचा मुतखडा दुखला तेव्हा तुमी रातोरात गाडी करून नागपूरले पळाले. तेव्हा प्रभूची वेळ बरी लवकर आली!" त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना करतो असं सांगून फोन ठेवला. करा म्हटलं, खुशाल करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते, पाय स्टुलावर, समोर ते कोरडं पोतं. मला राहवलं नाही.

"बाबा, तुमाले खरं सांगू? माह्या नर्सिंगचं पोतं देवानं भिजवलं नव्हतं. आईनं भिजवलं होतं."

वाटलं, आता हा माणूस कोसळेल. कोसळला तर कोसळू दे, पाय तर वाचेल, इतकी मी चिडले होते.

बाबा म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"माहा बाप धान पिकवत होता. उन्हाळ्यात दहिवर पडत नाई, एवढं मले समजत नाई का? तुह्या वेळी बी उन्हाळाच होता. घराच्या वेळी बी तिनंच भिजवलं."

"मंग साक्ष कायले देत होते? साऱ्या सभेपुढं लबाड बोलत होते?"

"लबाड काहून? मी प्रभूले विचारलं, तुह्या आईच्या हातानं जवाब आला. आनखी कसा येते?" मग म्हणाले, "तिले तोंडानं विचारलं त म्हणे, तुमीच पाहा. पोतं ठेवलं, का मंग सांगे."

इतकी वर्षं मी या माणसाला भोळा, हट्टी, देवखुळा म्हणत आले होते.

"आन आता?" मी विचारलं.

"आता ठेवतो. कोरडंच राह्यते." ते पोत्याकडे बघत होते. "एकट्यानं पाय कापाले हाव म्हणवत नाई मले, बाई. भेव लागते."

मला त्यांचा राग आला, आईचा राग आला, मरून गेल्याबद्दल, आणि देवाचाही आला, नाही कशाला म्हणू? रागारागात मी अंगणातली बादली उचलली आणि त्या पोत्यावर पालथी केली. "घ्या! झालं ओलं! आता उठा!"

बाबांनी वाकून बघितलं. "जमीन बी ओली झाली," ते म्हणाले. "असं चालत नाई. तुही आई पोतं अंदर नेऊन भिजवत होती."

मी पोतं उचललं. मोरीत नेलं, टाकीत बुडवलं, घट्ट पिळलं, आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, तुटक्या पायरीपाशी, कोरड्या जमिनीवर नीट पसरलं. माझ्या हाताला जुन्या धानाचा वास लागला होता. बाबा भिंतीला धरून लंगडत आले, पोत्यावर हात ठेवला, मग शेजारच्या जमिनीवर ठेवला. डोळे मिटून आमेन म्हणाले.

"चप्पल आण," ते म्हणाले. "एकच आण."